दाभण कुणाच्या हातात

"डोळे फुटले न्हाईत माजे!" धुळाप्पा गरजला.

"फुटले कुठं म्हणलं? दिसत न्हाई म्हणलं," त्याची बायको तानुबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दिसत असतं तर वेसण असलेल्या बैलाला परत वेसण घालाया पाडलं असतं व्हय?"

ही कालचीच गोष्ट. खजुरीत गोऱ्ह्याचं नाक टोचावं ते धुळाप्पा धनगरानंच, असा वीस वर्षांचा लौकिक. काल उद्धवराव पाटलांच्या गोठ्यात त्यानं चौघांकडून जनावर पाडवलं, मानेवर गुडघा रोवला, दाभण उपसला आणि नाकात बोट घालतो तो आत दोरी! टोचायचा गोऱ्हा शेजारी उभा राहून कडबा चघळत ही गंमत बघत होता. गाव पोट धरून हसलं. धुळाप्पानं गावच्या बैलांना वेसण घातली, घरची तेवढी मोकळी राहिली, असं पारावर आधीच म्हणायचे. आता तर त्यांना आयताच विषय मिळाला.

"कारहुणवी, बैलांचा सण, आठ दिसांवर आला. सारे गोऱ्हे आळंदच्या टोचणाऱ्याकडं गेले की बसा मग," तानुबाई म्हणाली. "न्हाईतर मी टोचते."

चुलीपाशी बसलेली सासू कोंडाबाई मोठ्यांदा ओरडली, "बाईनं टोचलेला बैल बाईचंच ऐकतो गं!"

"बरंच की, आत्याबाई. कुणीतरी ऐकंल."

तेवढ्यात पाटलांचा गडी शिवशरण तोच गोऱ्हा घेऊन अंगणात उभा. सोबत दोघं दांडगे. "पाटील म्हणाले, आज शेवटचं बघा. न्हाईतर आळंदला धाडतो."

गोऱ्हा पाडला. धुळाप्पा वाकला, नाकपुडीत बोटं घातली, दाभण टेकवला. तानुबाईनं वीस वर्षं शेजारी बसून दोर आवळला होता. दाभण कुठं टेकलाय ते तिला लांबूनही कळलं.

"तिथं हाड हाय," ती जवळ येऊन त्याच्या कानाशी पुटपुटली.

धुळाप्पाचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही. नुसता दाभण तिच्या हातात दिला. तिनं पातळ पडदा चिमटीत धरला, एका दमात आरपार टोचलं आणि तेल लावलेली दोरी ओवली. गोऱ्हा एकदाच फुरफुरला.

शिवशरणनं आ वासला. "पाटलाला काय सांगू?"

"टोचलं म्हणून सांग. जा," तानुबाई म्हणाली.

तो वळताच तिनं हात धुतले आणि घरात येऊन नवऱ्याला आणि सासूला सांगितलं, "उद्यापासून दाभण मी धरनार. तुमी शिंगं धरायची. आत्याबाई, तेल-हळद तुमच्याकडं."