व्याह्यांची मोरपंखी

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर चोपड्यापासून धुळ्यापर्यंत जेवढी माणसं पाहिली त्यांत आमच्या व्याह्यांएवढा हेकट माणूस दुसरा नव्हता, मला सोडून. जन्मभर वरणगावला कारखान्यात फिटर. रिटायर झाल्यावर जळगावात मेहरूणला घर बांधलं आणि फाटकाच्या दोन बाजूंना दोन मोरपंख्या लावल्या. मोरपंखी म्हणजे ते कळसासारखं निमुळतं, बारमाही हिरवं झाड. पोरं त्याचं चपटं पान 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवतात. लोक हे झाड लावतात आणि विसरतात. व्याह्यांनी झाड लावलं आणि बाकीचं जग विसरले. दर रविवारी शिडी, ओळंबा आणि न्हाव्याची कात्री घेऊन भिडायचे. दोरी सोडून शेंडा मधोमध आहे का बघायचे, आणि एका अंगाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त दिसलं तर तेवढंच सूत कापायचे. संध्याकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसायची. गुच्छासाठी कोणी फांदी मागितली तर म्हणायचे, "आधी तुमची अर्धी मिशी द्या." माझ्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड पानावर बसलं तरी हे मंडपाच्या कमानीखाली उभे. कमानीला मोरपंखी बांधली होती. "आबा, कापणाऱ्याने हिरवं सोडून पार लाकडात कापली हो. तिथून ही परत फुटत नाही." मी म्हणालो, "नाना, पंगत खोळंबली शे. चला."

त्या मे महिन्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. जावई आणि माझी पोरगी तिथेच राहतात. नानांचा दुसरा डोळा आधीच अधू, पण घोर डोळ्याचा नव्हता. मला फोन केला, "शेजाऱ्यांना झाड कळत नाही. तुम्ही मातीतला माणूस. पंधरा दिवस या." पन्नास वर्षं केळी पिकवलेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता? गेलो. निघताना त्यांनी हातात कागद ठेवला: चार दिवसांआड एकेक कळशी, तीही बोट खुपसून माती कोरडी लागली तर. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण वाचता येतं. वाचला, घडी करून टोपीत ठेवला. 'हाऊ माले पानी शिकाडस!' मनात म्हटलं. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि चार दिवसांआड कळशी? नळीच लावली. सकाळ-संध्याकाळ आळं तुडुंब.

सहाव्या दिवशी उजव्या झाडाच्या पोटात तपकिरी दिसलं. ऊन लागलं म्हणून पाणी वाढवलं. आठव्या दिवशी तपकिरी बाहेर आलं. मग दुपारीही नळी, आणि पश्चिमेकडून गोणपाट. रोज संध्याकाळी सातला धुळ्याहून फोन. "आबा, जोडी कशी आहे?" "ठणठणीत!" दुसऱ्या वेळी खोटं बोलायला लाज वाटत नाही, पण जेवण जात नाही. अकराव्या दिवशी पानाला हात लावला तर ते कुरकुरलं. मुळाशी उकरलं, गाळ आणि कुजका वास. तो वास मी ओळखतो. पाणी तुंबलं की केळीच्या कंदालाही येतो, आणि त्यावरून मी गावातल्या बठ्ठ्यांना, एकूणएकाला, शिव्या दिल्या आहेत.

डाव्या झाडाचं आळं फोडून पाणी काढून दिलं आणि तसाच नर्सरीत गेलो. उजव्याच्या मापाचं झाड होतं. हुबेहूब. नर्सरीवाला म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी आणून लावूनच देतो." व्याह्यांना तर अजून दिसत नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो." आणि घरी आलो तर फाटकात रिक्षा उभी. व्याही चार दिवस आधीच आले होते.

डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, पोरीने हाताला धरलेले. ऊन, धूळ, वाकणं, सगळं बंद. पोरीने त्यांना आत खिडकीशी बसवलं. पाण्याचा पेला तसाच ठेवून ते म्हणाले, "आबा, मला नुसतं धुकं दिसतंय. तुमच्या डोळ्यांनी सांगा. जोडी कशी आहे?"

पोरीने येताना फाटकातच पाहिलं होतं. तिने मला मान हलवून खुणावलं, आत्ता नको. एका रात्रीचा प्रश्न होता. एकाहत्तर वर्षांत मी बायकोला, भावांना, कोणालाच 'चुकलं' म्हटलेलं नव्हतं.

"उजवी गेली," मी म्हणालो. "मी मारली. पाणी पाजून."



"कागद वाचला नव्हता?"

"वाचला होता."

"मग?"

"वाटलं, मला जास्त कळतं."

"काहीतरी बिघडलंय ते मी फोनवरच ओळखलं," व्याही म्हणाले. "झाडाला कोणी ठणठणीत म्हणतं का? म्हणून तर लवकर आलो. आणि डावी?"

"अर्धी आहे."

"अर्धी म्हणजे किती सूत?"

ते मी मोजलं नव्हतं.

"मला दिसेपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. कुठे कापायचं ते मी ठरवीन, पण बघायचं तुम्ही."

पोरगी म्हणाली, "नाना, आबांना शेत आहे हो."

"असू दे. त्या केळीलाही चार दिवस श्वास घेऊ दे."

आवाजात राग असता तर मी पिशवी उचलून स्टँड गाठलं असतं. राग नव्हता. उजव्या झाडाच्या बाजूला चेहरा करून बसले होते, जणू तिथून काही ऐकू येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी डाव्या झाडापाशी उकिडवा बसलो आणि खिडकीतल्या व्याह्यांना खालपासून एकेक फांदी सांगू लागलो. पहिली वाळली. दुसरी हिरवी. तिसरी टोकाला पिवळी. चौथीपाशी थांबलो. ती हिरवी असावी असं फार वाटत होतं. पुन्हा हात लावून पाहिलं, आणि होती तशी सांगितली.