पुलावरची जागा

वेळच्चेरीतल्या त्या गल्लीचं दर कार्तिकात, तिकडच्या ऐन पावसाळ्यात, बेट व्हायचं. चारी बाजूंना काळं पाणी, मधे सरोजाबाईंचं तळमजल्यावरचं घर. पूर्वी तिथं तळंच होतं म्हणे. पाणी आपली जागा विसरलं नव्हतं, इतकंच.

वादळाचा इशारा आला की त्यांच्या नवऱ्याचं, बालाजीरावांचं, पहिलं काम ठरलेलं: गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायची. सगळी गल्लीच तसं करी. मग माणसं पायी घरी येत, गाद्या माळ्यावर चढवत आणि पाण्याची वाट बघत बसत. शहरातच अंबत्तूरला तिसऱ्या मजल्यावर राहणारी लेक रंजनी दर वेळी फोन करून बोलावी. बालाजीराव "बघूया" म्हणत. त्यांचं बघून होईतो पाणी उंबऱ्याला लागे. मागच्या वर्षी सरोजाबाईंना परक्या माणसांनी हाताला धरून होडीत ओढून घेतलं होतं. ती ओढाताण त्यांच्या दंडात अजून होती.

यंदा गाडी निघाली तेव्हा सरोजाबाई घराला कुलूप घालून शेजारी येऊन बसल्या. मांडीवर इडलीच्या पिठाचा डबा. वीज जायच्या आत पीठ वाटून ठेवायचं, ही तिथली रीत. वाटेत कुणाला द्यायचं असेल, असं बालाजीरावांना वाटलं.

पुलावर जागा मिळाली. खुशीत ते उतरले. सरोजाबाई हलल्या नाहीत.

"उतर की. पाऊस वाढतोय."

"दर वर्षी गाडीला वाचवता. यंदा मी गाडीतच आहे."

बालाजीरावांनी परोपरीनं समजावलं. मग असंच रंजनीकडे चला, असं सरोजाबाई म्हणाल्या, तर ते म्हणाले, एवढी मिळालेली जागा जाईल. शेवटी चिडून ते एकटेच उतारावरून चालू लागले.

घराची किल्ली सरोजाबाईंच्या कमरेला होती. त्यांनी हाक मारली नाही. काचेवर वाफ धरत गेली, डब्याचं झाकण त्या घट्ट दाबून बसल्या.

बालाजीराव परतले ते नखशिखान्त भिजून. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय, किल्ली दे, म्हणत त्यांनी खिडकीतून हात पुढे केला.

सरोजाबाईंनी वाकून पलीकडचं दार उघडलं.

कोरड्या सीटकडे ते क्षणभर बघत राहिले. मग वळसा घालून आले आणि तसेच ओले बसले. मागे एक पांढरी गाडी जागेसाठी केव्हाची घुटमळत होती.

"सकाळी घर बघायला यायला हवं," गाडी सुरू करत ते पुटपुटले.

"बघूया," सरोजाबाई म्हणाल्या.