कुटुंब क्रमांक अकरा

समाजशास्त्र भीतीतून जन्मलं, असं आमचे सर पहिल्या तासाला सांगायचे. फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं होतं, धर्मगुरूंचा दरारा ओसरला होता, इंग्लंडातली खेडी गिरण्यांच्या धुरात जाऊन पडत होती. आता माणसांना एकत्र धरून ठेवणार काय, असा प्रश्न शहाण्यासुरत्या लोकांना पडला होता. त्या धास्तीतून एका फ्रेंच विचारवंतानं समाजाचं शास्त्र मांडायला घेतलं. आधी तो त्याला समाजाचं भौतिकशास्त्रच म्हणायचा. आजचं नाव त्यानं नंतर दिलं. दगड कसा पडतो हे सांगता येतं, तसं समाज कसा पडतो हेही सांगता येईल, असं त्याला वाटत होतं.

इथं सर थांबायचे. मग म्हणायचे, "पडताना धरता येईल का, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही."

सर यंदा चैत्रात गेले. तेराव्यानंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, एक पत्र्याची पेटी माझ्यापुढं सरकवली. आत सरांच्या आयुष्यभराच्या वह्या होत्या. "तूच ने. इथं कोण वाचणार आहे?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी त्या वाचत गेले, रोज थोडी पानं. मीही आता हाच विषय शिकवते, तेव्हा पेटी माझ्याकडं येणं स्वाभाविक होतं. पण मी वाचत होते ते त्यासाठी नव्हे.

हे लिहिताना मी कुणाचंही नाव घालणार नाही. आमच्या विषयाची ती जुनी शिस्त आहे. ती पुरेशी नसते, हे मला फार उशिरा कळलं.

भूमच्या महाविद्यालयात माझ्या वेळी हा विषय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो अर्थशास्त्र टाळण्यासाठी घेतलेला असे. आठवडी बाजाराच्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा. सर तरीही पूर्ण तयारीनं यायचे. युरोपातून विषय आपल्याकडं कसा आला, हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. आपल्याकडं हे शास्त्र यायच्या आधी मोजणी आली, ते म्हणत. राज्यकर्त्यांनी जाती मोजल्या, डोकी मोजली, कोण चोर आणि कोण लढवय्या याच्या याद्या केल्या. पुढं शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या विद्यापीठात विषय शिकवायला लागले. स्वातंत्र्यानंतर अभ्यासक एकेका खेड्यात वर्षवर्ष जाऊन राहिले. त्यांनी गावांना खोटी नावं दिली, माणसांना खोटी नावं दिली आणि खरं लिहिलं.

"पण त्यांतल्या फार थोड्यांनी लिहिलेलं त्या गावाला परत दाखवलं," सर म्हणायचे. "आपण दाखवायचं."

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी सर मला आणि आणखी दोघांना क्षेत्रकार्यासाठी एका गावी घेऊन गेले. गाव तुळजापूर तालुक्यातलं, कर्नाटकाच्या बाजूचं. याहून जास्त सांगत नाही. घरोघर मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. हातात अनुसूचीचे, म्हणजे प्रश्नांच्या छापील फॉर्मांचे, गठ्ठे बघून पारावरची एक म्हातारी ओरडली, "आली बगा मोजणी! आमची दातं बी मोजा, चारच उरल्यात."

"मावशी, दात नाही, माणसं मोजतोय," सर म्हणाले.

"मग तर लवकर व्हईल. मानसं बी तितकीच उरल्यात."

सगळे हसले. वेशीपासून आम्ही घरांना ओळीनं क्रमांक देत गेलो. अकरावं घर माझ्या वाट्याला आलं. ओसरीवर घरचा कर्ता पुरुष बसला होता. पन्नाशीचा, शांत, स्वच्छ धोतर. मी फॉर्म उघडायच्या आधीच म्हणाला, "चार लिवा म्याडम. मी, माझी मंडळी, ही धाकल्या भावाची बायको आन् तिचा पोरगा. भाऊ वारला." शेत, जनावरं, विहीर, सगळं त्यानं नीट सांगितलं. मग लाइट आली तसा मोटार चालू करायला तो शेताकडं गेला.

भावाची विधवा बायको सुपात ज्वारी पाखडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाच लिवा."

मी पेन थांबवलं.

"लेक हाय माझी. सोलापूरला दवाखान्यात नर्स हाय. दुसऱ्या जातीतल्या पोरासंगं लगीन केलं तिनं. ह्या समद्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. माझ्या पोरानं बी. मला विहिरीवर नेऊन डोस्क्यावर पानी वतलं. मी म्हनलं, वता. पान्यानं कुठं लेक मरती का?" सूप तिच्या हातात चालूच होतं. "भावजी म्हनत्यात, ही आंघोळ खोटी होती. गावली तर खरी करू."

"मग कशाला सांगताय मावशी? नका सांगू."

"कुटं न्हाय तर कागदावर तरी ती जित्ती आसू दे म्हनून."

मी पाच लिहिलं.

आमच्या विषयात घराचा नात्याचा तक्ता काढतात. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. त्या संध्याकाळी मी अकराव्या घराचा तक्ता काढला. मेलेल्या बापाच्या त्रिकोणावर रेघ ओढली. मुलीच्या वर्तुळापाशी हात थांबला. घरानं तिला मेलेली ठरवलं होतं. आई तिला जिवंत सांगत होती. मी सरांना विचारलं. त्यांनी कागद स्वतःकडं ओढून घेतला.

"जिवंत माणसावर रेघ ओढायची नाही," ते म्हणाले. "लोक काय म्हणतात ते शेजारी लिही. पण रेघ ओढायची नाही. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

मला ते फार पटलं. मी वर्तुळ मोकळं ठेवलं आणि शेजारी बारीक अक्षरात नोंद केली: विवाहित, परिचारिका, सोलापूर. मला माझ्या काटेकोरपणाचा अभिमान वाटला होता, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे.

अहवाल तक्ते आणि नोंदींसकट छापून झाला. गावाचं नाव बदललेलं होतं, माणसांची नावं तर कुठंच नव्हती. ठरल्याप्रमाणे एक बांधलेली प्रत सरांनी ग्रामपंचायतीला दिली. नारळ फुटला, चहा झाला, सरपंचानं पुस्तक कपाटात काचेमागं ठेवलं. घरांचे क्रमांक आम्ही वेशीपासून दिले होते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही नावं झाकली होती. पण गावात कोण कुणाला नावानं ओळखतं? वेशीपासून अकरावं घर, वारलेला धाकटा भाऊ, त्याची बायको, एक मुलगा. हे वाचायला तिथं कुणालाही नाव लागत नव्हतं.

तीनेक महिन्यांनी मला फोन आला. नंबर पिठाच्या गिरणीवाल्याचा होता, आवाज त्या बाईंचा.

"म्याडम, भावजी पंचायतीतलं तुमचं पुस्तक वाचून आले."

"काय म्हणाले?"

"कायबी न्हाय. नुसतं जेवले. दोन डाव भाजी मागितली." मग गिरणीच्या आवाजात तिनं मला लेकीच्या दवाखान्याचं नाव दोनदा सांगितलं.

मी आणि सर मिळेल त्या गाडीनं गावी पोहोचलो. बाईंचा दीर पंचायतीच्या ओट्यावर बसला होता, मांडीवर आमचं पुस्तक, नाकावर चष्मा.

"या सर. लई मेहनत घेतली तुमी. समदं वाचलं. आमची विहीर बरोबर, जनावरं बरोबर. मानूस तेवढं एक जास्तीचं झालंय."

"छपाईत चूक झाली असेल," सर म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते त्यांना अजिबात जमलं नाही.

तो हसला. "न्हाय सर. तुमी लोक चुकत न्हाय. तीन-तीन डाव येऊन इचारून गेलता की."

सर तिथून भूमला परतले नाहीत. नेसत्या कपड्यांनिशी त्यांनी सोलापूरची एसटी धरली. चार दिवसांनी आले ते दाढी वाढलेले. मुलगी, तिचा नवरा, सगळं बिऱ्हाड त्यांनी हलवलं होतं. दीर सोलापुरात आठ दिवस दवाखाने पालथे घालत फिरला आणि हात हलवत परत आला, हे नंतर कळलं.

"कुठं ठेवलंत तिला?" मी विचारलं.

"तुला न सांगणं ही आता आपली अभ्यासपद्धती," सर म्हणाले. विनोद केल्यासारखं म्हणाले, पण हसले नाहीत.

त्यानंतर वर्षातून एकदा परीक्षेच्या कामाला जातो असं काकूंना सांगून सर कुठं तरी जाऊन यायचे. फोन नाही, पत्र नाही. आईच्या घरातल्या फोनवर दिराची नजर होती, आणि लिहिण्याचा सरांनी धसका घेतला होता. नवरात्रात ती आई गावच्या बायकांबरोबर तुळजापूरला यायची. सर गर्दीत प्रसादाच्या दुकानांपाशी उभे राहायचे. दोन वेळा मीही होते बरोबर. सर तिच्याकडं न बघता म्हणायचे, "बरी आहे. नोकरी चालू आहे." एका वर्षी म्हणाले, "मुलगी झाली." ती पदर तोंडाशी धरून ऐकायची आणि बायकांच्या घोळक्यात मिसळायची. वर्षभराचं तिचं तेवढंच.

सर गेले तेव्हा आधी मी नुसती रडले. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ध्यानात आलं, की आता ती मुलगी कुठं आहे हे या जिल्ह्यात कुणालाच माहीत नाही.

महिन्यानं झालेल्या शोकसभेला त्या बाईंचा दीर आला होता. पुढच्याच रांगेत, हात जोडून. सभा संपल्यावर माझ्याजवळ आला. "मानूस लई खरा. बगितलं ते लिवायचा." मग हळूच, "त्येंच्या वह्या तुमच्याकडं गेल्यात म्हनं."

"शिकवण्याच्या नोंदी आहेत नुसत्या."

"आसू द्या की. आमाला बी शिकायचंय. येतो एका ऐतवारी."

म्हणून मी वाचत होते. पत्ता सापडावा असं वाटायचं, आणि प्रत्येक पान उलटताना सापडू नये असंही. सापडला तर पान फाडायचं, हे ठरवलं होतं. न वाचता पेटी पेटवून द्यायचा विचारही मनात आला. पण त्यात पत्ता असलाच तर त्या आईचंही सगळं त्याच्याबरोबर जळलं असतं. वह्यांमध्ये त्या फ्रेंच माणसाची भीती होती. माणसाला आतून समजून घ्या म्हणणारा एक जर्मन होता. कुठल्या गावात कुणी काय खायला दिलं, कुठल्या म्हातारीनं कोणती ओवी म्हटली, सगळं तारीखवार होतं. आमच्या त्या गावाच्या नोंदीही होत्या. अकराव्या घराचं पान मात्र कोरं होतं. आयुष्यभर दिसेल ते लिहीत आलेल्या माणसानं एक गोष्ट लिहिली नव्हती. शेवटची वही मिटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

गेल्या रविवारी तो आला. एकटा नाही. भावजयीला घेऊन आला.

तिला का आणलं ते मला दहा मिनिटांत कळलं. तो एकेक वही उघडायचा, बोट ओलं करून पान उलटायचा, मधलंच काहीतरी मोठ्यानं वाचायचा आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघायचा. वहीपेक्षा तो तिचा चेहरा वाचत होता. कुठं तरी तो हलेल, याची वाट बघत होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, नजर माझ्या पायांकडं. ती काय विचारायला आली आहे ते मला कळत होतं, आणि ती ते विचारू शकत नव्हती.

"ह्यात पत्ते-बित्ते आसत्याल की लोकांचे," तो सहज म्हणाला.

जे सांगायचं होतं ते दोघांना एकाच दमात सांगावं लागणार होतं.

"मी सगळ्या वह्या वाचल्यात. कुणाचाही पत्ता नाही. सरांनी तो कुठं लिहिला नाही आणि कुणाला सांगितला नाही. मलाही नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी खोटं बोलत नाही, हे त्याला पटलं. तेवढा त्याचा आमच्या विषयावर विश्वास होता. पण मी त्याच्याकडं बघत नव्हते. बाईंच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गेले. चेहरा तसाच राहिला. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "बरं झालं," आणि लगेच उठून उभी राहिली. "चला भावजी. यष्टी जाईल."

"काय बरं झालं?" तो म्हणाला.

"म्याडमचं वाचून झालं, ते."

तो दारापर्यंत गेला, परत आला, आणि वरच्या दोन वह्या उचलून काखेत मारल्या. "ह्या वाचून देतो. बाकीच्या पुढच्या ऐतवारी." मग तिच्याकडं मान वळवून, "तुला बी आनतो. बस ऐकत."

ती पुढं निघाली होती. मी खिडकीतून बघत होते. स्टँडच्या वळणापर्यंत ती सरळ चालत गेली, तो मागं चार पावलांवर, आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.