रजेला दुसरा शब्द

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. कळंब्याला आमच्या गल्लीत इंग्रजी घेऊन शिकणारी मी एकटीच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. बँकेचा फॉर्म असो की औषधाच्या डब्यातला कागद, लोक माझ्याकडं यायचे आणि मला ते आवडायचं.

समोरच्या घरात एक मावशी राहायच्या. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं आया म्हणून कामाला होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी हातकणंगल्याला दिलेली. मी शाळेत असताना आई पहाटेच डेअरीत कामाला जायची, तेव्हा माझ्या वेण्या याच मावशी घालायच्या. हातांना फिनेलचा वास असायचा, पण भांग सरळ पाडायच्या.

एका संध्याकाळी त्या कोरा कागद घेऊन आल्या.

"पोरी, रजेचा अर्ज लिवून दे. नवा सायेब आलाय, त्याला इंग्रजीतच पायजे. लेकीचं बाळंतपण हाय."

"किती दिवसांची रजा?"

"ते आत्ताच कसं सांगू? धा दिवस म्हण, पंधरा म्हण."

पाच मिनिटांत अर्ज झाला. वाचून बघितला तर चार ओळींत 'लीव्ह' हा शब्द तीनदा आलेला. कॉलेजात आमचे सर एकच शब्द पुन्हा आला की त्याला लाल गोल करायचे. मी मोबाइल काढला, 'लीव्ह' टाईप केलं आणि समानार्थी शब्द शोधले. भलीमोठी यादी आली. लीव्ह म्हणजे रजा आणि लीव्ह म्हणजे सोडून जाणं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोरची यादी त्यातल्या दुसऱ्या अर्थाची आहे, एवढं बघायलाही मी थांबले नाही. त्यातला 'विथड्रॉ' मला आवडला. वजनदार वाटला. 'मुलीच्या बाळंतपणामुळे मी सोमवारपासून माझ्या कामातून विथड्रॉ होऊ इच्छिते,' अशा अर्थाचं झोकदार वाक्य मी लिहिलं. दिवस नक्की नव्हते, म्हणून त्यांचा उल्लेखच काढून टाकला. 'लीव्ह' आता अर्जात कुठंच उरला नव्हता. मावशींनी खाली मराठीत सही केली आणि कागद जपून पिशवीत ठेवला.

नातू झाला. रजेच्या सतराव्या दिवशी मावशी वॉर्डातल्या बायकांसाठी पेढे घेऊन कामावर गेल्या आणि दुपारच्या आत परत आल्या. पेढ्यांचा बॉक्स तसाच होता. थेट आमच्या घरी येऊन बसल्या.

"सायेब म्हणतोय, तुमीच काम सोडल्याचं लिवून दिलंय. दुसरी बाई घेतली त्यांनी."

आईनं माझ्याकडं बघितलं. "काय लिहिलं होतंस गं?"

"रजाच मागितली होती," मी म्हणाले.

"मग त्यांना काढायचंच असेल," आई म्हणाली.

मावशींनी मान हलवली. "व्हय. मागच्या महिन्यात मी त्याला उलट बोललो हुतो. तेच धरलं त्यानं मनात."

त्या गेल्यावर मोबाइलमध्ये तो शब्द पुन्हा शोधला आणि या वेळी अर्थ नीट वाचला: माघार घेणं, अंग काढून घेणं. समोरच्या घरात अजून उजेड होता. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागली असती. ती मी टाकली नाहीत.

मावशींना पुढं एका मंगल कार्यालयात चपात्या लाटायचं काम मिळालं. दिवस-दिवस उभं राहून गुडघे गेले. मी शिकले, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी पाया पडायला गेले, तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगितलं, "हिच्या वेण्या मी घातल्यात."

यंदा वर्गात समानार्थी शब्द शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लीव्ह म्हणजे सुट्टी की सोडणं?" "दोन्ही," म्हणाले आणि पुढं शिकवता येईना. घसा दुखतोय असं सांगून तास संपवला.

त्या रविवारी गेले. मावशी मेथी निवडत होत्या. शेजारी बसून सगळं सांगितलं, शब्द कुठून आणला, का आणला तेही. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे सायबानं मुद्दाम न्हवतं केलं?"

"नाही."

"एवढी वर्सं त्याला शिव्या घातल्या मी." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुला कवा कळलं?"

आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. "त्याच दिवशी," मी म्हणाले.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला सरकवली. "सायेब म्हणला हुता, लिवण्यात चूक झाली आसंल तर आठ दिवसांत दुसरा अर्ज द्या, बघतो. मी म्हणलो, चूक कशी हुईल? पोरगी इंग्रजीच शिकत्या. दिला न्हाय मग दुसरा."

हे मला आजवर माहीत नव्हतं. आठ दिवस. त्या आठही दिवसांत मी त्यांच्या दारासमोरून कॉलेजला गेले होते.

"शब्द चुकला ते ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "ल्हान हुतीस. पर तू बोलली न्हाईस."

मी माफी मागितली. त्यांनी हं म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. मेथीची जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागल्या. मीही निवडू लागले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "देठ लई ठेवू नगंस."

अजून मी रविवारी जाते. त्या नातवाचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात. तो विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. माफ केलं का, हे मी विचारत नाही. विचारलंच तर ते मला बरं वाटावं म्हणून असेल, आणि माझ्या सोयीचं मी एकदा करून बसले आहे.