जर्मन गाडीचे वऱ्हाडी चुलतभाऊ

वर्तमानपत्राची पुडी काउंटरवर ठेवायची, आहेर उलगडावा तशी सावकाश उलगडायची, आतला काळाकुट्ट तुटका तुकडा माझ्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "ताई, याचा कोणी चुलतभाऊ हाये का?" ही वकीलसाहेबांची रीत.

आमचं अमरावतीत बडनेरा रोडला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं वाढवलं आणि आता मी चालवते, कारण नवऱ्याला गिऱ्हाइकांचा राग येतो. मला येत नाही. गिऱ्हाईक चुकीचा पार्ट मागत असेल तर मी एकदा सांगते, दुसऱ्यांदा बिल करते. वकीलसाहेबांपुढे मात्र हा नियम चालला नाही. त्यांना चुकीचाच पार्ट हवा असायचा.

वकीलसाहेब दिवाणी बाजूचे. भावाभावांच्या वाटण्या, धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, विहिरीतला हिस्सा, यातच त्यांची उमर गेली. त्यामुळे लोखंडातही त्यांना भावकी दिसायची. कंपनीचा अस्सल पार्ट म्हणजे सख्खा भाऊ. तो जर्मनीहून मागवावा लागायचा, येतो येतो म्हणून यायचा नाही, आणि आलाच तर त्याचा मानपान परवडायचा नाही.

"सख्ख्याच्या नादी लागू नये ताई," ते म्हणायचे. "मी कोर्टात रोज पायतो न. चुलत बरा. बोलावला की येते, जेवाले घातलं की कामाले लागते."

मग मी टेम्पोचा, ट्रॅक्टरचा, मालवाहू रिक्षाचा, ज्याचा जुळेल त्याचा तुकडा काढून ठेवायची. ते तो आधी डोळ्याजवळ धरायचे, मग कानाजवळ नेऊन हलवायचे. कानाजवळ कशाला, ते मला आजवर समजलेलं नाही. "नाक सारखं हाये," एवढं म्हणायचे आणि खिशात टाकायचे. उरलेलं कानस मारून जमवायचे.

तुमच्याही गल्लीत अशी एक गाडी असेल. बाराही महिने बॉनेट उघडून उभी, चाकाखाली विटा, आणि शेजाऱ्यांची मांजर आत बाळंत झालेली. वकीलसाहेबांची ही गाडी मूळची मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराची. वकीलसाहेबांनी त्याचा दावा जिंकून दिला, त्या आनंदात त्यानं ती यांना भेट दिली. मला विचाराल तर दावा हरला असता तरी त्यानं सूड म्हणून हेच केलं असतं. डिझेलची, लांबलचक, एकेकाळी पांढरी, आणि वयानं साधारण माझ्याएवढी. जर्मन असल्यामुळे ती रस्त्यात बंद पडली तरी बघणारे म्हणायचे, "काही म्हणा, गाडी मजबूत हाये."

एकदा मी सुचवून पाहिलं, "वकीलसाहेब, एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवा ना."

"दाखवली."

"मग?"

"त्याले रडू आलं."

त्यात मेकॅनिकचा दोष नव्हता. एकच उदाहरण देते. त्या गाडीच्या दारांची कुलपं हवेच्या ओढीवर चालायची, आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होणं तेही त्याच हवेवर. हवेच्या बारीक रबरी नळ्या आमच्या उन्हात वाळून तडकल्या. वकीलसाहेबांनी औषधाच्या दुकानातून सलाईनच्या नळ्या आणल्या आणि बसवल्या. "मानसाले चालते, मंग गाडीले काय होते?" कुलपं सुधारली. पण किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन आपलं चालूच. कोर्टाच्या आवारात काळ्या कोटातला माणूस गाडीतून उतरायचा, बॉनेट उघडायचा, आत हात घालून एक दांडी दाबायचा, तेव्हा कुठे ती गप्प व्हायची. पक्षकार लांबून हे सगळं श्रद्धेनं बघायचे. आपल्या वकिलाचे हात फारच आतपर्यंत पोचतात, असा त्यांचा समज होत असावा.

एकदा गप्प झालेली गाडी पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नव्हता. म्हणून वकीलसाहेबांनी स्वतःपुरता एक कायदा केला होता: घर आणि कोर्ट सोडून चालू गाडी कुठेही बंद करायची नाही. दुकानात यायचे तेव्हा ती बाहेर धडधडत उभी असायची. माझ्या फळीवरचे ऑइलचे डबे नाचत नाचत कडेला यायचे. मी एका हातानं डबे मागे ढकलायची आणि दुसऱ्या हातानं चुलतभाऊ शोधायची.

आता प्रश्न असा, की बरी चाललेली वकिली, घरासमोर ऑटोस्टँड, मुलगा पुण्याहून नवी गाडी घेऊन द्यायला तयार, मग हा माणूस एवढं कशाला करून राहिला होता? मला वाटायचं, हौस. पुरुषांना साठीनंतर काहीतरी होतं. कोणी ज्योतिष शिकतो, कोणी गाडीखाली जाऊन झोपतो.

खरं कारण मला एका सीटच्या स्पंजमुळे समजलं. एरवी इंजिनाच्या पलीकडे न बघणारा माणूस त्या दिवशी मऊ स्पंज मागत होता, आणि तोही फक्त पुढच्या डाव्या सीटसाठी.

"तुमच्या बाईची कंबर दुखते," ते म्हणाले. "बाराचं ऊन चालते त्याईले, धक्का चालत नाई."

'तुमच्या बाई' म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशात तापीचं खोरं चुकवलं म्हणून मी त्यांच्या हातच्या पट्ट्या खाल्लेल्या आहेत. अजूनही त्या समोरून आल्या की माझी पाठ आपोआप सरळ होते.

"बाई बसतात गाडीत?" मी विचारलं. कारण बसत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"बसत नाई," वकीलसाहेब म्हणाले. "पन बसल्या त?"

बाई का बसत नव्हत्या, तेही सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंचं माहेर अकोल्याचं. धाकट्या भाचीचं लग्न. आत्या म्हणून मान मोठा, आहेराला चांदीचा तांब्या घेतलेला. वकीलसाहेब म्हणाले, बसनं कशाला, आपली गाडी आहे. बोरगाव मंजूच्या अलीकडे गाडीतून वाफा निघायला लागल्या. तिकडे अकोल्याला मंगलाष्टकं चालू होती, तेव्हा आत्याबाई रस्त्याच्या कडेला शालू खोचून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होत्या, तेही आहेराच्या चांदीच्या तांब्यानं. कार्यालयात पोचेपर्यंत शेवटची पंगत उठत होती. बाईंनी तांब्या पदरानं पुसला, भाचीच्या हातात दिला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "यापुढे मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

बाईंनी वर्गात सांगितलेली शिक्षासुद्धा कधी मागे घेतली नव्हती.

तेव्हापासून बाई माहेरी जायच्या त्या बसनं, आणि वकीलसाहेब बसच्या मागे गाडीनं. हसू नका, मी स्वतः पाहिलं आहे. बस बडनेऱ्याला थांबली की गाडी मागे थांबायची. बस मूर्तिजापूरच्या स्टँडात शिरली की गाडी बाहेर धडधडत उभी राहायची. बाईंची बॅग मात्र गाडीत असायची. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "बॅग जाऊ दे गाडीतून. तिला कुठे मुहूर्त गाठायचाय?"

त्या मोजून मापून एकेक तक्रार करायच्या आणि वकीलसाहेब ती घेऊन माझ्याकडे यायचे. डिझेलचा वास येतो. दार आतून उघडत नाही. काच खाली गेली की वर येत नाही. बसायच्या तर नव्हत्याच, मग तक्रारी कशाला, असं माझ्या मनात यायचं. पण वकीलसाहेबांना त्यात आशा दिसायची. "उलटतपासणी घेऊन राह्यल्या," ते म्हणायचे. "म्हंजे केस अजून बोर्डावर हाये."

शेवटची मोठी तक्रार उन्हाची. गाडीतला एसी मोर्शीतच वारला होता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बसणं म्हणजे भरताच्या वांग्यानं चुलीत बसणं. "जर्मनीच्या साहेबाले वऱ्हाडातलं ऊन कोनी दाखवलं?" असं म्हणत वकीलसाहेबांनी गाडीत चक्क कूलर बसवला. मागच्या काचेजवळ पत्र्याचा डबा, त्यात वाळ्याची ताटी, खाली पाण्याचा छोटा पंप, आणि माझ्याकडून नेलेला ट्रकच्या केबिनचा पंखा. पहिल्या दिवशी सगळं पाणी पुढे उडालं. वकीलसाहेब पाठीमागून ओलेचिंब होऊन कोर्टात उभे राहिले. दालनात वाळ्याचा सुगंध पसरला. समोरचा वकील म्हणाला म्हणे, "साहेब, सरबत कुठं हाये?"

मग त्यांनी पंखा उलटसुलट करून, मच्छरदाणीचं कापड लावून ते जमवलं. मला मुद्दाम बाहेर बोलावून आत बसवलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत थंडगार, सुगंधी, अंधारलेलं. मी नाइलाजानं म्हणाले, "छान आहे."

"बाईले सांगसान," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये मी स्पेअर पार्टसुद्धा ठेवत नाही.

गेल्या श्रावणात वकीलसाहेब गेले. बाईंच्या भावाचं आजारपण निघालं म्हणून उन्हाळ्यातच दोघं अकोल्याला जाऊन राहिले होते. आजारी भाऊ उठून बसले, आणि कधी गोळी न खाल्लेले वकीलसाहेब झोपेत आटोपले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच उन्हाळ्यात, अकोल्याच्या वाटेवर.

मी दुकानाच्या मालासाठी अकोल्याला निघाले होते. बसमध्ये शेजारी बाई. मी पाठ सरळ करून बसले. लोणी मागे पडलं आणि थोड्या वेळात बसनं मान टाकली. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. दुसरी बस मागवली आहे, म्हणाला. भर दुपार. त्या रस्त्याला सावली म्हणजे एक बाभूळ, आणि तिच्याखाली आधीच म्हशी बसलेल्या. आम्ही पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलो.

मागून वकीलसाहेब आले. गाडी कडेला घेतली. उतरले आणि कुणाकडे न बघता मोठ्यानं म्हणाले, "आतमंधी थंड हाये. कोनाले बसाचं असन त बसा."

कोणी हललं नाही. रोजच्या प्रवाशांना ती गाडी माहीत होती. मला तर ती आतून माहीत होती. तिच्यातलं निम्मं मीच विकलेलं.

गाडी धडधडत होती. बाई तिच्याकडे बघत होत्या. वकीलसाहेबांनी ते पाहिलं आणि भर वाटेत आजवर कधी केली नसेल अशी गोष्ट केली. बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि दांडी दाबून इंजिन बंद केलं. बाईंना धक्का चालत नव्हता ना. मग गाडीला वळसा घालून आले, पुढचं डावं दार उघडलं आणि दार धरून उभे राहिले. कूलर आत भुरभुरत होता.

बाई मला म्हणाल्या, "माझी पाण्याची बाटली बॅगेत आहे." जणू मी त्यांना अडवलं होतं. मग साडी सावरली, चालत गेल्या, आणि बसल्या.

वकीलसाहेबांनी दार हळूच लावलं. धावत पलीकडे गेले. किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. आमच्या घोळक्यातून कुणीतरी हसलं. "मजबूत हाये गाडी," एकजण म्हणाला. मला इंजिनाआधी माणसाची काळजी वाटली. एवढी वर्षं तयारी, आणि नेमकं आज. खिडकीतून वकीलसाहेबांचा चेहरा दिसत होता. भर कोर्टात कागद घरी विसरल्यासारखा झालेला.

ते उतरून बाईंच्या खिडकीशी आले. "स्टार्टर अडकला," म्हणाले. "खालून ठोकतो. दहा मिंटं."

मी वाट बघत होते, आता बाई दार उघडतील आणि शिक्षा कायम करतील. बाईंनी काच थोडी खाली केली.

"तुमची दहा मिनिटं म्हणजे किती?"

"अर्धा-पाऊन घंटा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि गार वारा जाऊ नये म्हणून काच वर केली. ती वर आली.

वकीलसाहेबांनी सदरा काढला, घडी करून टपावर ठेवला आणि बनियनवर गाडीखाली शिरले. ठोकल्याचा आवाज यायला लागला. तेवढ्यात दुसरी बस आली. लोकांची एकच झुंबड. कंडक्टर बाईंच्या खिडकीजवळ गेला. त्यानं काच वाजवली.

"बाई, चला नं. जागा धरून ठेवली तुमच्यासाठी."

"तुम्ही निघा," बाई म्हणाल्या. "मी यांच्यासोबत येते."

"आवो, पन हे चालू होनार हाये का?"

"तुम्ही निघा."

तो निघाला. त्या आवाजापुढे आमची अख्खी शाळा निघायची, कंडक्टरचं काय घेऊन बसलात. मी चढले आणि सगळ्यात मागच्या सीटवर जागा मिळाली. बस सुटल्यावर मागच्या काचेतून वळून बघितलं. रिकाम्या रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी, तिच्याखालून बाहेर आलेले चपला घातलेले दोन पाय, आणि आत पुढच्या सीटवर बाई, बाटलीतून पाणी पीत, घरच्या ओसरीवर बसावं तशा ऐसपैस बसलेल्या.