बाबांची पहिली सभा

परवा लेकाच्या शाळेत पालकसभेला गेले, आणि वर्गातल्या खडूच्या वासानं मला हडपसरची एक संध्याकाळ आठवली. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा तिथल्या एका शाळेत भरते, एवढंच फोनवर कळलं होतं. बाबांना स्कूटरवर मागे बसवून मी भाजीबाजाराला चकरा मारत होते, पण शाळा सापडेना आणि कुणाला विचारायला जीभ रेटेना. शेवटी बाबांनीच एका कांदेवाल्या मावशींना विचारलं, "अहो, दारू सोडायची सभा कुठे भरते? आमच्या मुलीला जायचंय." मी लाजेनं लाल झाले. मावशी मात्र जराही हसल्या नाहीत. समोरच्या गल्लीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जा पोरी, चांगली माणसं हायेत. माझा मालक बी तिथंच असतो." वर्गात छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. एकानं सरकून बाबांना जागा दिली, चहा दिला. बाबांच्या हातून तो सांडला, तेव्हा तोच माणूस बाक पुसत म्हणाला, "पहिल्या दिवशी माझाही सांडला होता." मग बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "बाहेर मी मुलीचं नाव पुढे केलं. दारू मी पितो. मला थांबता येत नाही." हे वाक्य घरात आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवला नाही. पुढे बाबा दोनदा घसरले, पण दोन्ही वेळा कुणी न सांगता आपल्या पायांनी सभेला परत गेले. आज कुणी त्यांच्याबद्दल विचारलं, की मी ते परत जाणंच आधी सांगते.