गुळाचा चहा

नवीन माणूस भेटला की तुम्हीआम्ही नमस्कार करतो. काका आधी त्याच्या तोंडावर बॅटरी मारायचे.

खिशातून छोटी बॅटरी काढायची, तिच्यापुढे रंगीत जिलेटिनचा तुकडा धरायचा आणि समोरच्याच्या गालावर, कपाळावर, हनुवटीखाली सावकाश उजेड फिरवायचा. समोरचा बिचारा डोळे मिचकावत उभा. मग मान हलवून म्हणायचे, "असांदे. आधी चेहरा. बाकीचं नंतर बघू." एकदा आमच्या तालमीच्या हॉलवर मीटर तपासायला आलेल्या माणसावर त्यांनी हिरवा उजेड मारला. वर आम्हालाच सांगतात, "ह्याला हिरवा नको." तो माणूस पुन्हा काही आला नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या हौशी मंडळाच्या संगीत नाटकांचे दिवे काका करायचे. नोकरी सगळी कोलशेतच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून झालेली, मूळ गाव मालवणकडचं, रंग काळा कुळकुळीत. अंधाऱ्या विंगेत कुणी त्यांच्यावर आदळलं की म्हणायचे, "चूक माझीच. हसायला विसरलो."

दिव्यांपुढे लावायच्या जिलेटिनचे नमुने त्यांनी एका जाड आल्बममध्ये ठेवलेले. आल्बम त्यांच्या लग्नाचा. फोटो काढून त्या जागी रंगाचे चौकोन खोचलेले. "आमचं लग्न लाडवाच्या डब्यात आहे," काकू सांगायच्या, आणि खरंच ते फोटो स्वयंपाकघरात लाडवाच्या रिकाम्या डब्यात होते. कंपनीवाले रंगांना नंबर देतात. काकांना ते पटायचं नाही. "नंबर गाडीला असतो गो. रंगाला नाव असतं." म्हणून प्रत्येक चौकोनाखाली बॉलपेनने नाव: साय, पिकली पपई, सासूचा शालू, कावीळ. एका करड्या जांभळ्याखाली लिहिलेलं, दहावीचा निकाल.

माझ्या तोंडावर पहिल्यांदा बॅटरी मारली तेव्हा मी भडकलेच. तेव्हा मी मंडळात नवीन होते आणि स्वभाव आजच्यापेक्षाही तिखट. काकांनी पाच-सहा तुकडे बदलले आणि एकावर थांबले. "गुळाचा चहा," ते म्हणाले. "लक्षात ठेव चेडवा, तुझा रंग."

मला वाटलं, थट्टा करतायत. कारण माझ्या रंगाची थट्टा मी लहानपणापासून ऐकलेली. आम्ही कोलशेतचे, खाडीकाठचे. उन्हात राबणाऱ्या माणसांची मी पोर, सावळी नव्हे, चांगली काळी. गळा होता म्हणून मंडळात घेतलं. पण दोन नाटकांत मी विंगेत उभी राहून गायले आणि स्टेजवर एक गोरी मुलगी ओठ हलवत होती. टाळ्या तिला पडल्या. एकदा मैत्रिणीची भूमिका मिळाली तर मेकअपवाल्याने मला इतकी पांढरी केली की तोंड ठाण्याला आणि मान आंबिवलीला. हसू नका. नाही, हसा, मीही हसते. पण तेव्हा घरी जाऊन रडलेले.

मग मिठागराचं नाटक आलं. मिठागरावर काम करणाऱ्या मुलीची गोष्ट, अठरा गाणी, आणि नायिका चक्क मी! माझी आई लग्नाआधी मिठागरात कामाला जायची, म्हणून तिला केवढं अप्रूप. आमचे दिग्दर्शक ठाण्याच्या एका बँकेत साहेब होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी सेट झकास केलेला. बांबूच्या सांगाड्यांवर पांढराशुभ्र मांजरपाट ताणून मिठाच्या सात मोठ्या राशी.

नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगाला दोन आठवडे असताना, एका रविवारी सकाळी दिवे लावून तालीम झाली. काकांनी समोरच्या दिव्यांना गुळाचा चहा लावलेला. मी गायला लागले आणि सर ओरडले, "थांबा! हे मिठागर आहे की शिऱ्याची पंगत?"

खरंच. त्या पिवळसर उजेडात सातही राशी तुपात परतलेल्या रव्यासारख्या दिसत होत्या. कुणीतरी बेदाणे टाकायला सांगितलं. काकांनी मुकाट्याने जिलेटिन बदलून निळं लावलं. मीठ चांदीसारखं चमकलं आणि सर खूश झाले. फक्त माझा चेहरा गेला. समोर बसलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणी मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तर मी चुलीतून काढलेल्या राखेच्या रंगाची.

सर वाईट माणूस नव्हेत. पण त्यांना मीठ हवं होतं. "मेकअप तीन शेड वर घ्या," ते म्हणाले. "नाही जमलं तर शेवटचं गाणं हिनं विंगेतून म्हणावं. पुढे दुसरी कुणी उभी राहील."

झालं. पुन्हा विंग. शिडीवरून काका खाली उतरले, पक्कड खिशात घातली. "सर, मला पुढच्या रविवारपर्यंत मुदत द्या."

"काका, एक तर मीठ पांढरं दिसेल नाहीतर ती चांगली दिसेल. दोन्ही कसं होणार?"

"आधी चेहरा," काका म्हणाले. "मीठ बघू."

मंगळवारी संध्याकाळी बघते तर काका कोलशेतला आमच्या घरी, ओट्यावर आईबरोबर चहा पीत बसलेले. आईच्या तोंडावर बॅटरी मारून झालेली असणार, कारण ती पदराने डोळे पुसत हसत होती.

"वहिनी, मीठ कसं दिसतं हो?" काका विचारत होते.

"कसं म्हंजे? मीठ मिठासारकं."

"पांढरं ना?"

"पांढरं कुठलं? निलसर असतं. धुतलेल्या कपऱ्याला नील देतो ना, तसं. ती नील हाय म्हनून तर पांढरं वाटतं."

काकांचा कप हातात तसाच राहिला. मग ते एकदम उठले, चहा अर्धा टाकून निघाले. "चेडवा, तुझ्या आईला नमस्कार सांग," म्हणाले. आई समोरच उभी होती.

पुढच्या रविवारी काका तालमीला आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. मागे काकू, त्यांचेही निळे. शनिवारभर दोघांनी बाथरूममध्ये बसून सगळा मांजरपाट कपड्याच्या निळीत बुचकळून काढलेला आणि सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेला. "खालच्या वहिनी विचारत होत्या, तुमच्याकडे इतकी धुणी कुणाची?" काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, मिठाची."

कापड पुन्हा राशींवर चढवलं. नुसत्या उजेडात ते फिकट निळं, मळकट वाटत होतं. सर कपाळाला हात लावून बसले. काकांनी दिव्यांना तोच गुळाचा चहा लावला आणि बटण दाबलं.

मीठ पांढरं झालं. शिऱ्याचा पिवळेपणा निळीने खाऊन टाकलेला. आणि मी? मी स्वतःला बघू शकत नव्हते, पण सर बघत होते. मग हळूच विचारलं, "मेकअप?"

"तोंड धुवायचं आणि काजळ घालायचं," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "चेहऱ्याला रंग मी लावतो."

प्रयोग कल्याणला झाला. शेवटच्या गाण्याला मी राशींच्या मधोमध एकटी उभी, तोंडाला पाण्याशिवाय काही नाही, आणि समोरून तो कोमट उजेड. मी कशी गायले मला आठवत नाही. आई चौथ्या रांगेत होती. नंतर ती आत आली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "बाय, आज तू तूच दिसलीस गो. आन मीठ पन."

बक्षीस? छे. नाटकाला नाही, मला नाही, काकांना तर नाहीच. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलेलं, प्रकाशयोजना फारशी जाणवत नाही. काकांनी तो कागद घडी करून आल्बममध्ये ठेवला, गुळाच्या चहाशेजारी. "ह्याच्यापेक्षा मोठं बक्षीस आहे का गो?" आणि त्या रंगाचा एक मोठा तुकडा कापून मला दिला. तेव्हापासून तो घडी करून माझ्या शाळेच्या डायरीत आहे. मी गाणं शिकवते. पोरांना तो तुकडा म्हणजे पुस्तकातली खूण वाटते.

पुढे एलईडीचे दिवे आले. कॉम्प्युटरवर बोट ठेवलं की लाखो रंग. काकांनी एकदा कौतुकाने सगळं बघितलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "ह्यात कावीळ कुठं आहे?" पोरं स्क्रीनवर शोधत बसली. काका मजेत घरी गेले. त्यांनी कुणावर राग धरला नाही, फक्त बॅटरी सोडली नाही. बाजारात भेटले तर भाजीवाल्यावर मारायचे.

यंदा दिवाळीनंतर एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी बाराव्याला गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर हार घातलेला फोटो. मी थबकले. काकूंकडे आलेय की भलत्याच घरात?

फोटोतला माणूस गोरापान होता.

"स्टुडिओवाल्याने केलंय," काकू म्हणाल्या. "लाडवाच्या डब्यातला एक दिला होता, मोठा कर म्हणून. आहे तसाच हवा म्हटलं होतं मी. तर उजळ करून दिला. वर म्हणतो, काकू, बघा किती फ्रेश दिसतायत." त्यांनी फोटोवरची नजर काढली. "बारा दिवस बघतेय. कुणा परक्याला हार घातल्यासारखं वाटतं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! जन्मभर ज्या माणसाने कुणाचा चेहरा पुसू दिला नाही, त्याचाच पुसला. घरात पाहुणे बसलेले, पण मी कुणाला विचारलं नाही. हार बाजूला केला, फ्रेम उतरवून मागचे खिळे वाकवले. पिशवीतून डायरी काढली. जिलेटिनचा तुकडा उलगडून काचेच्या मापाने कात्रीने कापला आणि काच आणि फोटोच्या मध्ये सरकवला. फ्रेम पुन्हा भिंतीला लावली, हार घातला.

काकू उठून जवळ आल्या. पदराने काच पुसली. मग मागे सरून, मान जरा तिरकी करून बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता हे, हेच दिसतायत."